वृद्धांची शुश्रूषा शिकवणारे शिक्षक: एम.एस्सी. नर्सिंगची वाट गोव्यातून पाहताना

२०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण देशात ८.६ टक्के होते आणि गोव्यात ते ११.२ टक्के होते. राज्यांमध्ये केरळच्या खालोखाल गोव्याचाच क्रमांक होता. त्यानंतर हे प्रमाण उतरावे असे काहीही घडलेले नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणत्याही गावात गेले तरी मुले आखातात, इंग्लंडात किंवा पुण्या-बंगळुरूला, आणि घरी सत्तरी-ऐंशीतले आईवडील व त्यांच्या सोबतीला पगारावर ठेवलेली एखादी बाई, असे चित्र दिसते. या वृद्धांपैकी कोणी पडले, कोणाला पक्षाघात झाला किंवा कोणाला माणसे ओळखू येईनाशी झाली, की रुग्णालयात त्यांचा सर्वांत जास्त वेळ ज्यांच्या हाती जातो त्या नर्सेस असतात. त्या नर्सेसना हे काम शिकवणारी व्यक्ती कशी तयार होते, तिने काय शिकायचे असते आणि त्यासाठी कोणती पदवी घ्यावी लागते, हे या लेखात समजावून घ्यायचे आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी, कारण प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांचा सर्वाधिक गोंधळ तिथेच उडतो. आपल्याकडे एम.एस्सी. नर्सिंगच्या पाच मुख्य शाखा आहेत: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. यांत ‘वृद्धांची शुश्रूषा’ अशी सहावी शाखा नाही. डॉक्टरांसाठी वार्धक्यशास्त्रातील एम.डी. मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ साली सुरू झाली, पण नर्सिंगच्या पदव्युत्तर शिक्षणात वृद्ध हा विषय अजून इतर शाखांच्या पोटात बसलेला आहे. पदवीच्या पातळीवर मात्र चित्र बदलले आहे. २०२१ साली राजपत्रात आलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित सेमिस्टर अभ्यासक्रमात ‘अडल्ट हेल्थ नर्सिंग’च्या दुसऱ्या भागाच्या नावातच जेरियाट्रिक नर्सिंग (वृद्धांची शुश्रूषा) आणि पॅलिएटिव्ह केअर (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी शुश्रूषा) या दोहोंचा समावेश केलेला आहे. म्हणजे प्रत्येक बी.एस्सी. महाविद्यालयाला हा विषय शिकवावाच लागतो, आणि तो शिकवण्यासाठी खास तयार झालेले शिक्षक घडवणारी स्वतंत्र शाखा मात्र नाही. या परिस्थितीत वृद्धसेवेचे शिक्षक होऊ पाहणाऱ्याला आपले शिक्षण स्वतः जुळवून घ्यावे लागते. शाखा कोणती निवडायची, क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे रुग्णांपाशी प्रत्यक्ष काम करण्याची नेमणूक, कुठे मागून घ्यायचे आणि प्रबंधाचा विषय कोणता धरायचा, या तीन निर्णयांवर ती पदवी वृद्धसेवेची होते की नुसतीच पदवी राहते, हे ठरते.

वृद्ध रुग्णाचे वेगळेपण

हा विषय वेगळा का शिकवावा लागतो, असा प्रश्न अनुभवी नर्सेसही विचारतात. वॉर्डातले निम्मे रुग्ण म्हातारेच असतात, मग त्यांचे वेगळे काय शिकायचे, असा त्यांचा सूर असतो. याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. वय वाढते तशी मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता कमी होत जाते, पण त्याच वेळी स्नायूही झिजलेले असल्यामुळे रक्तातील क्रिएटिनिनचा, म्हणजे स्नायूंतून येणाऱ्या आणि मूत्रपिंडाने गाळून टाकायच्या टाकाऊ द्रव्याचा, आकडा वरकरणी ठीक दिसू शकतो. रिपोर्ट पाहून निर्धास्त झालेली नर्स तरुण माणसाला चालणारा डोस वृद्धाला देते आणि औषध शरीरात साठत जाते. तहान लागण्याची जाणीव मंदावते, त्यामुळे पाणी मागितले नाही याचा अर्थ पाणी नको आहे असा होत नाही. न्यूमोनिया झालेला असूनही ताप चढत नाही, हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता नुसता थकवा किंवा धाप घेऊन येतो. पाठ्यपुस्तकातली लक्षणे वृद्धांच्या बाबतीत अनेकदा हजर नसतात आणि जी हजर असतात ती ‘वयामुळे होते’ म्हणून सोडून दिली जातात.

ब्रिटनमधील वार्धक्यतज्ज्ञ बर्नार्ड आयझॅक्स यांनी वृद्धांच्या आजारपणाची चार महाकाय संकटे सांगितली होती: हालचाल थांबणे, तोल जाऊन पडणे, मलमूत्रावरचा ताबा सुटणे आणि बुद्धी मंदावणे. यांतले एकही संकट म्हणजे एखादा स्वतंत्र रोग नव्हे. प्रत्येकामागे पाच-सहा कारणे एकत्र गुंतलेली असतात आणि त्यांतली बरीचशी नर्सच्या कक्षेत येतात. रात्री लघवीला उठावे लागणे, पलंगाची उंची जास्त असणे, चष्मा हाताशी नसणे आणि रक्तदाबाच्या गोळीमुळे उभे राहताच चक्कर येणे, या चारही गोष्टी एका पडण्यामागे असू शकतात. झोपेतून उठून उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर त्याला उभे राहताना होणारा रक्तदाबपात म्हणतात. तो मोजण्यासाठी रक्तदाबाचे यंत्र आणि थोडा धीर एवढेच पुरते, तरीही वॉर्डात तो क्वचितच मोजला जातो.

शिक्षकाचे काम इथे नेमके काय असते, हे एका कल्पित प्रसंगातून पाहू. सत्तरीतली एक बाई विहिरीपाशी घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. दुसऱ्या रात्री ती सलाईनची नळी ओढू लागली आणि “म्हाका घरा वचपाचें” (मला घरी जायचे आहे) असे पुन्हा पुन्हा म्हणू लागली. रात्रपाळीच्या विद्यार्थिनीने चार्टवर लिहिले: पेशंट सहकार्य करत नाही. सकाळी राऊंडला आलेल्या शिक्षिकेने ते वाक्य खोडले नाही. तिने विद्यार्थिनीला पलंगापाशी नेऊन एकामागून एक प्रश्न विचारले.

“आजी परवा दाखल झाली तेव्हा अशीच बोलत होती का?”

“नाही मॅडम, तेव्हा नीट बोलत होती.”

“मग हे कालपासूनच. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांग पाहू.”

आजी शनिवार, शुक्रवार म्हणून थांबली आणि खिडकीकडे पाहू लागली. त्यानंतर शिक्षिकेने लघवीची नळी मोकळी आहे का, शौचाला कधी झाले, दुखण्यावर काय दिले, झोपेची गोळी दिली का, कानातले यंत्र कुठे आहे, असे विचारत नेले. यंत्र ऑपरेशनला नेताना काढून मुलीच्या पर्समध्ये ठेवलेले होते. अचानक सुरू झालेला आणि कमी-जास्त होत राहणारा गोंधळ, लक्ष न टिकणे, आणि त्याच्या जोडीला विस्कळीत बोलणे किंवा शुद्धीची बदललेली पातळी, ही ‘कन्फ्यूजन असेसमेंट मेथड’ची लक्षणे आहेत. शॅरन इनौये आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मांडलेली ही पद्धत डिलिरियम ओळखण्यासाठी आजही जगभर वापरली जाते. डिलिरियम म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नव्हे. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो, डिलिरियम तासा-दिवसांत येतो आणि त्यामागचे कारण सापडून दूर झाले तर बहुधा ओसरतो. विद्यार्थिनीने त्या दिवशी चार्टवर जे नवे लिहिले, ते वाचून डॉक्टरांनी काय करायचे ते स्पष्ट होते. असा तास वर्गात फळ्यावर घेता येत नाही, आणि तो घेता यावा यासाठीच दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण असते.

पदवीपर्यंतच्या पायऱ्या

पायऱ्यांचा हिशेब सरळ आहे. जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा तीन वर्षांचा डिप्लोमा झालेल्यांना दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवीधर होता येते, आणि बारावीनंतर थेट चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग करणाऱ्यांची वाट वेगळी. दोघांचीही नोंदणी राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे असावी लागते. एम.एस्सी.साठी बी.एस्सी.मध्ये किमान ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव, ही इंडियन नर्सिंग कौन्सिलने ठरवलेली अट चालत आली आहे. ही परिषद १९४७ च्या कायद्याने स्थापन झाली. तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याची तरतूद २०२३ च्या नर्सिंग व मिडवाइफरी आयोग कायद्याने केलेली असल्यामुळे प्रवेश घेताना त्या वर्षीचेच माहितीपत्रक पाहावे, वरच्या बॅचच्या मैत्रिणीने सांगितलेली अट धरून बसू नये.

गोव्यात बांबोळीची इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन ही शासकीय संस्था गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे आणि गोवा मेडिकल कॉलेजच्या परिसरामुळे तिथल्या विद्यार्थ्यांना रुग्णांची वाण पडत नाही. सीमेपलीकडे बेळगाव आणि कोल्हापूर ही गोव्यातल्या विद्यार्थ्यांची जुनीच ठिकाणे आहेत. एम.एस्सी.च्या आधी किंवा नंतर एक वर्षाचा जेरियाट्रिक नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करण्याची सोयही नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे, पण तो चालवणाऱ्या संस्था थोड्या आहेत आणि केवळ त्या डिप्लोम्यावर महाविद्यालयात प्राध्यापक होता येत नाही. शिक्षक व्हायचे असेल तर एम.एस्सी.ला पर्याय नाही. डिप्लोमा त्याला दिलेली जोड म्हणून उत्तम.

शासकीय सेवेतल्या नर्सेसनी अभ्यासरजा किंवा प्रतिनियुक्ती याबद्दलचा अर्ज प्रवेशाच्या कितीतरी आधी करावा, एवढेच इथे सांगतो. फाईल कोणत्या टेबलावर किती काळ विसावेल याचे भाकीत कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

दोन वर्षांत काय शिकवतात

पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, अ‍ॅडव्हान्स्ड नर्सिंग प्रॅक्टिस, संशोधन व संख्याशास्त्र आणि निवडलेल्या शाखेचा पहिला भाग असतो. दुसऱ्या वर्षी व्यवस्थापन, शाखेचा दुसरा भाग आणि प्रबंध. नर्सिंग कौन्सिलच्या आराखड्यात शाखेच्या प्रात्यक्षिकाला पहिल्या वर्षी ६५० आणि दुसऱ्या वर्षी ९५० तास दिलेले आहेत, म्हणजे दोन्ही मिळून १६०० तास. यावरून भर कुठे आहे ते कळते. शिक्षक व्हायला निघालेल्या माणसाचा सर्वाधिक वेळ रुग्णाच्या पलंगाशी जातो आणि ते योग्यच आहे, कारण ज्याला स्वतःला वृद्धाची कूस हलक्या हाताने बदलता येत नाही त्याने ती बदलायला शिकवणे हास्यास्पद ठरते.

नर्सिंग एज्युकेशन हा विषय अनेकांना कंटाळवाणा वाटतो, आणि तो तसा शिकवला जातो हेही खरे. पण त्याच्या मुळाशी दोन-तीन फार उपयोगी कल्पना आहेत. पहिली ही की शिकण्याची तीन क्षेत्रे असतात: माहिती, कौशल्य आणि वृत्ती. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली यांतल्या माहितीच्या क्षेत्राची पायरीवार मांडणी केली आणि बाकीची क्षेत्रे पुढे भरली गेली. बेडसोअरचे, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचे, चार टप्पे पाठ असणे ही माहिती झाली. माकडहाडावरची लाली बोटाने दाबून ती फिकी पडते का हे पाहणे हे कौशल्य झाले. आणि अंगाला वास येणाऱ्या, हट्टी, पुन्हा पुन्हा तेच विचारणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या पलंगापाशी चौथ्यांदा त्याच शांतपणे जाणे ही वृत्ती झाली. वृद्धसेवेत तिसरे क्षेत्र सर्वांत अवघड आणि परीक्षेत त्याला सर्वांत कमी गुण, ही विसंगती शिक्षकाला कायम सोसावी लागते.

दुसरी कल्पना पॅट्रिशिया बेनर यांची. नवख्या नर्सपासून निष्णात नर्सपर्यंतचा प्रवास पाच टप्प्यांत होतो, असे त्यांनी १९८४ साली मांडले. नवखी नियम पाहून काम करते, निष्णात परिस्थिती पाहून. अनुभवी नर्स शिक्षक झाली की तिची अडचण नेमकी इथे होते. “मला बघताच कळतं” हे खरे असले तरी विद्यार्थिनीला ते उपयोगाचे नाही. आपल्याला जे बघताच कळते ते कशावरून कळले, हे उलगडून सांगता येणे ही शिकवण्याची कला आहे आणि मायक्रो-टीचिंगच्या तासांत, म्हणजे पाच-सात सहाध्यायांसमोर छोटा पाठ घेऊन त्यावर त्यांची टीका ऐकण्याच्या तासांत, तिचा सराव होतो.

तिसरी गोष्ट मूल्यमापनाची. लेखी परीक्षेत ‘पडणे टाळण्याचे उपाय लिहा’ असा प्रश्न घालणे सोपे आहे. त्याऐवजी रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली मांडलेल्या ऑस्की पद्धतीत विद्यार्थी ठराविक मिनिटे एकेका स्थानकावर काम करतो आणि परीक्षक आधी ठरवलेल्या यादीप्रमाणे गुण देतो. एका स्थानकावर ‘टाइम्ड अप अँड गो’ चाचणी ठेवता येते: वृद्ध व्यक्ती खुर्चीतून उठून तीन मीटर चालते, वळते, परत येऊन बसते आणि विद्यार्थी सेकंद मोजतो. बारा सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका धरावा, असे अमेरिकेच्या सी.डी.सी. या सरकारी आरोग्यसंस्थेचे मार्गदर्शन आहे. वेळ बरोबर मोजली, पण पाय घसरला तर आधार द्यायला विद्यार्थी जवळ उभा नव्हता, तर गुण कापायचे की नाही, हे परीक्षकाने आधी ठरवलेले असावे लागते. माझ्या मते तो विद्यार्थी त्या स्थानकावर नापास.

मोजपट्ट्या आणि गोव्यातली माणसे

वृद्धसेवेचा अभ्यास करताना मोजपट्ट्यांची मोठी ओळख होते. डॉरीन नॉर्टन या इंग्लंडमधील नर्सने १९६२ साली वृद्ध रुग्णांच्या पाहणीतून बेडसोअरचा धोका सांगणारी मोजपट्टी तयार केली. नंतर आलेली ब्रेडन मोजपट्टी सहा बाबी तपासते आणि जास्तीत जास्त २३ गुण देते, गुण जितके कमी तितका धोका जास्त. रोजच्या हालचालींसाठी काट्झ आणि बार्थेल, नैराश्यासाठी जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल, अशी ही मालिका आहे. बहुतेक मोजपट्ट्या कुठेही तशाच चालतात, कारण कूस बदलता येणे गोव्यात आणि ग्लासगोत सारखेच असते. स्मरणशक्तीच्या चाचणीची गोष्ट मात्र निराळी आहे.

१९७५ सालची ‘मिनी मेंटल स्टेट’ ही ३० गुणांची चाचणी शंभरातून सात वजा करत जायला सांगते, एक वाक्य लिहायला सांगते, एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन काढायला सांगते. आता गोव्यातली सत्तरी-ऐंशीतली पिढी डोळ्यांसमोर आणा. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा ही माणसे शाळकरी किंवा तरुण वयाची होती. कोणी पोर्तुगीज प्राथमिक शाळेत शिकले, कोणी देवळाच्या किंवा कोणाच्या घराच्या सोप्यावर भरणाऱ्या मराठी शाळेत, आणि कितीतरी बायकांनी पाटी हातात धरलीच नाही. सत्तरी तालुक्यातली कधीही शाळेत न गेलेली आजी या चाचणीत १८ गुण मिळवते, तेव्हा तिची स्मृती गेली आहे की तिला पेन्सिल कधी धरावीच लागली नव्हती, हे आकडा सांगत नाही. हीच अडचण ओळखून हरियाणातील बल्लभगढ भागात निरक्षर वृद्धांसाठी ‘हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ तयार करण्यात आली आणि १९९५ साली ती प्रसिद्ध झाली.

विद्यार्थी यावर लगेच उपाय सुचवतात: महिना विचारण्याऐवजी शिगमो (गोव्यातला शिमगा) झाला का, चवथ (गणेशचतुर्थी) किती दिवसांवर आली, असे विचारावे. गप्पा मारायला आणि अंदाज घ्यायला हे प्रश्न फार चांगले आहेत. पण एकदा चाचणीतला प्रश्न आपल्या मनाने बदलला की तिचा ३० पैकी आलेला आकडा चार्टवर लिहिण्याचा अधिकार गेला, हे शिक्षकाने ठासून सांगायला हवे. भाषांतर दुसऱ्या माणसाकडून उलट फिरवून तपासणे, तज्ज्ञांकडून वैधता घेणे, थोड्या लोकांवर आधी वापरून पाहणे, एवढे सोपस्कार झाल्यावरच नवी आवृत्ती उभी राहते. शिवाय यातल्या काही चाचण्यांवर स्वामित्वहक्क आहेत. मिनी मेंटल त्यांतलीच आहे, त्यामुळे प्रबंधात ती वापरायची तर परवानगी घ्यावी लागते. दुसऱ्या कॉलेजच्या प्रबंधातून झेरॉक्स काढून आणलेली चाचणी म्हणजे परवानगी नव्हे.

कोणती शाखा घ्यावी

बहुतेक जण मेडिकल-सर्जिकल घेतात आणि रुग्णालयात शिकवायचे असेल तर ते बरोबर आहे. या शाखेच्या पहिल्या भागात वृद्धांच्या शुश्रूषेवर एक प्रकरण आहे, पण दुसऱ्या वर्षी हृदयरोग, कर्करोग, मेंदूविकार, अस्थिव्यंग अशा उपशाखा येतात आणि विद्यार्थी त्यांत वाहून जातो. अस्थिव्यंग किंवा मेंदूविकार निवडला तर निदान खुब्याचे फ्रॅक्चर, पक्षाघात आणि पार्किन्सन यांच्या निमित्ताने वृद्ध रुग्ण हाताखालून जात राहतात. मानसिक आरोग्याची शाखा घेणाऱ्याला डिमेन्शिया आणि नैराश्य जवळून दिसते आणि बांबोळीला मनोरुग्णालयही हाकेच्या अंतरावर आहे.

माझा कल मात्र सामुदायिक आरोग्याकडे आहे, आणि तो गोव्याकडे पाहूनच बनलेला आहे. इथला वृद्ध रुग्णालयात थोडे दिवस आणि घरी बरीच वर्षे काढतो. घराचा उंबरठा किती उंच आहे, न्हाणीघर मागीलदारी आहे का, पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढते का, औषधाच्या डब्यात किती गोळ्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या एकाच प्रकारच्या आहेत, हे घरी गेल्याशिवाय कळत नाही. पाच किंवा अधिक औषधे रोज घेणाऱ्यांची यादी तपासून डॉक्टरांसमोर ठेवणे हे एकच कौशल्य विद्यार्थिनींना नीट आले तरी त्या सत्राचे चीज झाले असे म्हणता येईल. अर्थात सामुदायिक शाखेत माता-बाल आरोग्य आणि लसीकरण यांचा पगडा इतका असतो की वृद्धांसाठी वेळ भांडून मिळवावा लागतो.

प्रबंध

पदवीचा खरा कस प्रबंधात लागतो आणि इथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. आपल्याकडच्या नर्सिंग प्रबंधांचा एक ठरलेला साचा झालेला आहे: काही जणांची पूर्वचाचणी घ्यायची, एक नियोजित शिक्षणकार्यक्रम द्यायचा, आठवड्याने उत्तरचाचणी घ्यायची आणि ज्ञानाचे गुण वाढले असे टी-टेस्ट या संख्याशास्त्रीय चाचणीने सिद्ध करायचे. ज्याला नुकतेच काही सांगितले त्याला ते आठवड्याने आठवते, यात नवल काय? त्या ज्ञानामुळे वृद्धाच्या पाठीवरची जखम टळली का, हा प्रश्न तसाच राहतो. वृद्धसेवेत शिक्षक व्हायचे असेल तर हातून काय घडते ते मोजणारा विषय घ्यावा. उदाहरणार्थ, डिलिरियमची तपासणी शिकवल्यानंतर नर्सेसच्या नोंदींत काय बदल झाला, किंवा घरी ठेवलेल्या सेवेकरी बायका दिवसातून किती वेळा कूस बदलतात आणि प्रात्यक्षिक दाखवल्यानंतर त्यात किती फरक पडतो.

अशा कामाचा एक चांगला नमुना गोव्यातच घडलेला आहे. डिमेन्शिया झालेल्या माणसांची घरी काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांना आधार देण्याचा एक प्रयोग इथल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांसह झाला आणि त्याचे निष्कर्ष २००८ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आले. घरी जाणारे सल्लागार तज्ज्ञ नव्हते. स्थानिक भाषा लिहिता-वाचता येणारी, माणसांशी नीट बोलणारी साधी माणसे निवडून त्यांना प्रशिक्षण दिले होते आणि त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख होती. सहा महिन्यांत काळजी घेणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्यामुळे त्यांना होणारा मनस्ताप कमी झाला. प्रबंधाला बसणाऱ्या प्रत्येकाने हा अभ्यास वाचावा, कारण प्रशिक्षण कोणाला दिले, कशाचे दिले आणि परिणाम कोणावर मोजला, हे तीन प्रश्न त्यात वेगवेगळे ठेवलेले आहेत.

संमतीचा मुद्दा वृद्धांच्या संशोधनात विशेष नाजूक असतो. स्मृती गेलेल्या माणसाची सही घेऊन काम भागत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निर्णयक्षमता नसलेल्या व्यक्तीच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधीची संमती घ्यावी लागते. आणि ती मिळाली तरी म्हाताऱ्या माणसाने मान फिरवली तर तिथे थांबायचे असते. प्रोव्हेदोरिया या गोव्यातल्या शासकीय साहाय्यसंस्थेच्या किंवा चर्चच्या वृद्धाश्रमांत माहिती गोळा करायची तर संस्थेची लेखी परवानगी आणि एथिक्स कमिटीची मान्यता, दोन्ही हातात आल्याशिवाय पहिला प्रश्नही विचारू नये.

परदेशी पदवी आणि पुढचे काम

परदेशात जाण्याचा विचार गोव्यात कोणीही करतो, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेत एम.एस.एन. या नर्सिंगच्या पदव्युत्तर पदवीत नर्सिंग एज्युकेशन हा स्वतंत्र मार्ग असतो आणि २००८ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर प्रगत नर्सिंगमध्ये प्रौढ व वृद्ध हे एकच क्षेत्र धरले जाते. तिथली नॅशनल लीग फॉर नर्सिंग ही संस्था २००५ पासून ‘सर्टिफाइड नर्स एज्युकेटर’ ही परीक्षा घेते. पण हे सारे तिथल्या नोंदणीकृत नर्सेससाठी असते, त्यासाठी आधी एन्क्लेक्स ही परवाना परीक्षा पार करावी लागते. उलट बाजूने पाहता, गोव्यात बसून परदेशी विद्यापीठाची ऑनलाईन पदवी घेतली तर ती इथल्या महाविद्यालयात शिकवायला चालेल का, हे शुल्क भरण्याआधी परिषदेकडून लेखी विचारून घ्यावे.

इथली एम.एस्सी. झाल्यावर ट्यूटर, सहाय्यक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक अशी शिडी असते. वरच्या पदांसाठी शिकवण्याचा अनुभव मोजला जातो आणि पीएच.डी. असणे इष्ट मानले जाते. रुग्णालयांतही सेवांतर्गत प्रशिक्षणासाठी अशा शिक्षकांची गरज असते, विशेषतः नव्याने रुजू झालेल्या नर्सेसना पहिल्या महिन्यात तयार करण्यासाठी.

पण गोव्यापुरते बोलायचे तर या शिक्षकांचे सर्वांत मोठे विद्यार्थी महाविद्यालयाबाहेर आहेत. घरोघरी ठेवलेल्या सेवेकरी बायकांपैकी अनेकींनी स्वयंपाक आणि झाडलोट यांच्या बोलीवर काम धरलेले असते आणि हळूहळू रुग्णाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडते. त्यांच्यासाठी आरोग्य केंद्रात किंवा पंचायतीच्या सभागृहात घेतलेला दोन तासांचा वर्ग पुष्कळ काम करू शकतो, मात्र त्यात तीनच गोष्टी शिकवाव्यात. जेवण भरवताना रुग्णाला ताठ बसवायचे, हनुवटी किंचित खाली ठेवायची, घास लहान द्यायचा आणि जेवण झाल्यावर निदान अर्धा तास आडवे करायचे नाही, ही पहिली. कूस बदलताना ओढायचे नाही, चादरीसकट उचलून सरकवायचे आणि दर वेळी टाचा, खुबा व माकडहाड पाहायचे, ही दुसरी. आणि कालपर्यंत नीट बोलणारे माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागले तर रात्र सरण्याची वाट न पाहता फोन करायचा, ही तिसरी. वर्गाच्या शेवटी प्रश्नपत्रिका वाटायची नाही. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने कूस बदलून दाखवायची आणि शिक्षिकेने ते पाहून नावापुढे खूण करायची, आणि ज्या बाईला ते जमले नाही तिच्यासाठी पुढच्या आठवड्यातली वेळ तिथेच ठरवायची.